व्हायरस काढला आणि ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ उगवलं? आता या चुका टाळा

स्कॅन संपतो. अँटिव्हायरस हिरव्या अक्षरांत सांगतो, सगळे धोके काढले. तुम्ही हुश्श करून मशीन रीस्टार्ट करता आणि पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या जरा वर, पुसट राखाडी अक्षरं उमटलेली दिसतात: ‘ॲक्टिव्हेट विंडोज’. वॉलपेपर बदलायला जावं तर सेटिंग्ज हातच लावू देत नाही. काल तर सगळं ठीक होतं.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला हात जातो प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा पंचवीस अक्षरी कोड, शोधायला. खोकं, बिलाचं पाकीट, जुने ईमेल, सगळं उपसून होतं. नातेवाइकांची आणि ओळखीच्यांची अशी बरीच मशीनं हाताखालून गेल्यावर माझं मत नेमकं उलटं झालंय. प्रॉडक्ट की ही सगळ्यात शेवटी लागणारी गोष्ट आहे, आणि पुष्कळदा ती लागतच नाही. कारण व्हायरस सहसा लायसन्स खात नाही.

विंडोज १० किंवा ११ असेल तर परवान्याची खरी नोंद बहुधा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते, तुमच्या हार्डवेअरच्या, मुख्यतः मदरबोर्डच्या, ओळखीशी बांधलेली. यालाच डिजिटल लायसन्स म्हणतात. विंडोज ८ पासून पुढचे जे लॅपटॉप कारखान्यातूनच विंडोज घालून येतात, त्यांची की तर मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्याच्या चिपवर कायम बसवलेल्या प्रोग्रॅममध्येच, असते. नेहमीचा व्हायरस या दोन्ही ठिकाणी पोचत नाही. तो बिघडवतो त्या मधल्या गोष्टी: परवाना तपासणारी सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम), तिच्या फाइली, किंवा सर्व्हरपर्यंतचा रस्ता. घराचे कागद शाबूत आहेत, कुलूप तेवढं कुणीतरी वाकवलंय.

आणि घाई मुळीच नाही. ॲक्टिव्हेशन गेलेलं विंडोज १० किंवा ११ चालतं, फाइली उघडतात, विंडोज ११ ला सुरक्षा अपडेटही येतात (विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये सगळ्यांसाठीच थांबली). रंग-वॉलपेपर अडतात आणि ती राखाडी अक्षरं डोळ्यांत खुपत राहतात, एवढंच. खरं नुकसान होतं ते ती अक्षरं आजच्या आज घालवायच्या धडपडीत.

(खाली कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडलेला हवा.)

आधी की, मग सफाई

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. संसर्ग पूर्ण गेलाय की नाही याची खात्री नसताना लोक त्याच मशीनवर पंचवीस अक्षरांची की टाइप करतात, मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करतात, काही जण तर कार्ड काढून नवीन परवानाही विकत घेतात. मशीनमध्ये कळफलकावर नजर ठेवणारं काही उरलेलं असेल तर परवाना, पासवर्ड आणि कार्ड असं तिहेरी दान झालं म्हणून समजा.

आधी सफाई. चालू विंडोजमधून केलेल्या एकट्या स्कॅनवर मी विसंबत नाही, कारण लपायला शिकलेला मालवेअर चालू विंडोजमध्येच लपतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ आहे. तो मशीन रीस्टार्ट करून विंडोज चालू व्हायच्या आधी तपासतो आणि साधारण पंधरा मिनिटं घेतो. त्यानंतर दुसऱ्या मताखातर ‘मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर’ चालवावा. तो उतरवल्यापासून दहा दिवसांनी कालबाह्य होतो, म्हणून मागच्या महिन्यात पेनड्राइव्हवर ठेवलेला चालणार नाही, ताजा घ्यायचा. आणि तो दुसऱ्या, निरोगी मशीनवर उतरवलेला बरा.

इथे एक छोटं काम जवळजवळ कुणीच करत नाही. अँटिव्हायरसच्या इतिहासात जाऊन नेमक्या कुठल्या फाइली काढल्या किंवा क्वारंटाइन केल्या (बाजूला कोंडून ठेवल्या), त्यांची नावं लिहून घ्या. त्या यादीत सिस्टम३२ फोल्डरमधली एखादी फाइल दिसली तर ॲक्टिव्हेशन का गेलं याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. व्हायरस त्या फाइलीत घुसला होता आणि अँटिव्हायरसने रोग्यासकट रोग उचलला. ही यादी न बघता ‘सगळं कायमचं पुसा’ दाबणारे नंतर अंधारात चाचपडत बसतात.

साफ करण्याच्या नादात एक मर्यादाही ओळखायला हवी. सॅलिटी, व्हिरुट, रॅमनिट ही नावं अहवालात आली तर माझ्या मते दुरुस्तीच्या फंदात पडूच नये. ही जात प्रोग्रॅमच्या फाइलींमध्येच स्वतःला टोचून घेते, एका मशीनवर शेकडो फाइली बाधित करते. व्हिरुट तर काही फाइली इतक्या वेड्यावाकड्या बाधित करतो की त्या साफ करूनही पुन्हा चालत नाहीत. अशा वेळी आपला डेटा बाजूला काढा, प्रोग्रॅम नाही, फक्त कागदपत्रं आणि फोटो, आणि विंडोज कोरं टाका. ते कसं टाकायचं ते पुढे येतंच.

आणि हो, सेफ मोडमध्ये बसून ॲक्टिव्हेशन तपासू नका. सेफ मोड सफाईसाठी ठीक, पण परवान्याची सर्व्हिस तिथे सुरूच होत नाही. ‘८००७०४३सी’ असा कोड दिसला की त्याचा अर्थ एवढाच की ही सर्व्हिस सेफ मोडमध्ये चालत नाही. तो बघून रात्रभर बिघाड शोधणारे मी पाहिलेत.

तो निरोप विंडोजचाच आहे का?

२००७ साली कार्डफिशर नावाचा एक ट्रोजन फिरत होता. तो हुबेहूब विंडोजच्या ॲक्टिव्हेशनसारखा पडदा दाखवायचा: तुमची प्रत दुसऱ्याच कुणीतरी ॲक्टिव्हेट केलीय, पुन्हा करा, आणि त्यासाठी क्रेडिट कार्डाचा तपशील द्या. नकार दिला तर मशीन बंद. २०११ मध्ये आलेल्या दुसऱ्या एकाने असाच पडदा लावून आंतरराष्ट्रीय नंबरवर फोन करायला लावलं. कॉल ‘मोफत’ म्हणायचा, आणि पैसे त्या कॉलवरच उकळायचा.

युक्ती जुनी असली तरी आजही चालते. आता ती ब्राउझरभर पसरलेल्या इशाऱ्याच्या आणि ‘सपोर्ट’च्या फोन नंबरच्या रूपात येते. ओळखायची सोपी रीत अशी की निरोप कसाही येवो, खात्री नेहमी एकाच ठिकाणी करायची: विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन, विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, ॲक्टिव्हेशन. तिथे ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘ॲक्टिव्हेटेड’ लिहिलेलं असेल तर बाहेरचा पडदा खोटा. म्हणजेच तुमची सफाई अजून अर्धवट आहे.

कोड न वाचता खिडकी बंद करणं

ॲक्टिव्हेशनच्या पानावर एक एरर कोड असतो. तो शून्य आणि एक्सने सुरू होतो. पुढे मी तेवढं सोडून उरलेला भाग देतो. ‘काहीतरी एरर येतोय’ असं फोनवर सांगणाऱ्याला मदत करणं म्हणजे ‘कुठेतरी दुखतंय’ म्हणणाऱ्याला औषध देणं. कोड लिहून घ्या, कारण व्हायरसनंतरच्या दुरुस्तीत तो सरळ वाट दाखवतो.

‘सी००४ई००३’ हा या लेखाच्या दृष्टीने सगळ्यात बोलका. परवान्याची तपासणीच पूर्ण होऊ शकली नाही, आणि कारण बहुधा असं की कुठल्यातरी बाहेरच्या प्रोग्रॅमने सिस्टमच्या फाइली बदलल्या किंवा त्या गायब आहेत. व्हायरसचे किंवा त्याला काढणाऱ्याचे हे ठसे. इलाज फाइली दुरुस्त करण्याचा, की बदलण्याचा नाही.

‘८००७०००५’ म्हणजे परवानगी नाकारली. कधी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेला नसतो, कधी मालवेअरने फोल्डरच्या किंवा रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीच्या) परवानग्या बिघडवलेल्या असतात. ‘८००७२ईई७’ म्हणजे सर्व्हरचं नाव सापडत नाही, रस्ता अडलाय. ‘८००७२एफ८एफ’ दिसला की आधी घड्याळ बघा. ‘सी००४एफ२११’ हार्डवेअर बदलल्याचं सांगतो, आणि मशीन नुकतंच दुरुस्तीला जाऊन आलं असेल तर तिथे मदरबोर्ड बदलला का, हे स्पष्ट विचारा. ‘सी००४सी००३’ म्हणजे ती की मायक्रोसॉफ्टने बंद केलेली आहे. ‘सी००४सी००८’ म्हणजे की ठरलेल्यापेक्षा जास्त मशीनवर वापरून झालीय. या शेवटच्या दोघांत मात्र कितीही फाइली दुरुस्त केल्या तरी उपयोग नाही. उरला ‘सी००४एफ०७४’. त्याच्याकडे वेगळ्याने येतो, कारण त्याच्यामागे बहुतेकदा एक गुपित असतं.

सर्व्हरकडे जाणारा रस्ता न तपासणं

माझ्या मामेभावाच्या कॉम्प्युटरवर ‘८००७२ईई७’ येत होता. इंटरनेट व्यवस्थित, व्हिडिओ न अडखळता चालत होते, त्यामुळे नेटवर्कवर कुणाचा संशय नाही. मी राउटर रीसेट केला, नेटवर्क ॲडॅप्टर काढून घातला, तासभर गेला. मग लक्षात आलं की डिफेंडरची अपडेटही उतरत नाहीयेत. सगळं चालतंय आणि नेमक्या मायक्रोसॉफ्टच्याच गोष्टी अडतायत, तेव्हा होस्ट्स फाइल बघायची असते. कुठल्या नावाच्या सर्व्हरसाठी कुठल्या पत्त्यावर जायचं, हे मशीन आधी हिच्यात बघतं.

ही फाइल सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरमध्ये असते. नाव नुसतं ‘होस्ट्स’, पुढे डॉट-बिट काही नाही. मी नोटपॅडमध्ये उघडली. वर हॅश चिन्हाने सुरू होणाऱ्या नेहमीच्या ओळी, खाली कोरं. ठीक आहे म्हणून बंद केली. पाच मिनिटांनी डोक्यात काहीतरी टोचलं आणि पुन्हा उघडली. या वेळी नजर उजवीकडच्या स्क्रोलबारवर गेली. वीस-पंचवीस ओळींच्या फाइलीला स्क्रोलबारची पट्टी नखाएवढी कशी? खाली ओढत गेलो. रिकाम्या ओळी, रिकाम्या ओळी, शेकडो रिकाम्या ओळी, आणि त्यांच्या तळाशी दाट वस्ती: अँटिव्हायरस कंपन्यांचे पत्ते, अपडेटचे पत्ते, आणि ‘एसएलएस डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम’ने संपणारे दोन-तीन, जे ॲक्टिव्हेशनचे सर्व्हर असतात. प्रत्येकाच्या डाव्या बाजूला चार शून्यांचा पत्ता. म्हणजे मशीनने त्यांना शोधावं आणि कुठेच पोचू नये.

मूळच्या होस्ट्स फाइलीत विंडोज ७ पासून पुढे हॅशने सुरू न होणारी एकही ओळ नसते. तुम्ही किंवा तुमच्या ऑफिसने मुद्दाम काही घातलेलं नसेल तर बिनहॅशच्या सगळ्या ओळी उडवायला हरकत नाही. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, नाहीतर सेव्ह होणार नाही. आणि सेव्ह करताना मागे ‘डॉट टीएक्सटी’ चिकटू देऊ नका, नाहीतर नवी फाइल शेजारी बसेल आणि जुनी आपलं काम करतच राहील. नंतर मशीनने साठवलेले जुने पत्ते पुसायला ‘आयपीकॉन्फिग’, स्पेस, ‘स्लॅश फ्लशडीएनएस’. मामेभावाच्या मशीनवरची राखाडी अक्षरं त्यानंतर ॲक्टिव्हेशनच्या पानावरचा ट्रबलशूटर एकदा चालवल्यावर गेली. की कुणीच मागितली नाही.

होस्ट्स स्वच्छ असेल तर प्रॉक्सी, म्हणजे वाहतूक ज्याच्यातून जाते तो मधला सर्व्हर, बघा. काही मालवेअर सगळी वाहतूक स्वतःकडून वळवतात आणि ते काढल्यावर प्रॉक्सीची नोंद तशीच मागे राहते. ‘नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी’ या कमांडने दिसते, ‘शो’च्या जागी ‘रीसेट’ घातलं की जाते. सेटिंग्जमधली प्रॉक्सीही वेगळी बघा, दोन्ही एक नव्हेत. मग डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरने जगभरातल्या लाखो मशीनचे डीएनएस बदलले होते. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये एफबीआयने त्या टोळीला पकडलं. पण बाधित मशीनांचं इंटरनेट अचानक जाऊ नये म्हणून पर्यायी सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले, कारण चोर पकडले तरी मशीनमधली नोंद आपोआप दुरुस्त होत नाही. तुमच्या मशीनचंही तसंच. डीएनएस ‘आपोआप’वर आणा, आणि राउटरच्या आत शिरूनही तेच तपासा.

घड्याळाची गोष्ट हास्यास्पद वाटते, पण पहिल्या दोन मिनिटांत तपासावी. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र अवैध ठरतं आणि ॲक्टिव्हेशन तिथेच थांबतं. रोज बंद-चालू केल्यावर तारीख मागे जात असेल तर तो व्हायरस नव्हे, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलीय.

सर्व्हिस बंद दिसली म्हणून घाबरणं, फाइली सरळ उडवणं

परवाना सांभाळणाऱ्या सर्व्हिसचं नाव ‘सॉफ्टवेअर प्रोटेक्शन’, आतलं नाव ‘एसपीपीएसव्हीसी’. सर्व्हिसेसच्या यादीत ती थांबलेली दिसली की लोक बोंब मारतात. ती गरजेपुरती जागी होते आणि काम झालं की झोपते, त्यामुळे थांबलेली दिसणं हा दोष नाही. दोष तेव्हा, जेव्हा ती ‘डिसेबल्ड’ असते किंवा सुरू करायला गेलं की एरर देते. विंडोज १० आणि ११ मध्ये तिचा प्रकार तिथून बदलताही येत नाही, रकाना करडा असतो. तो रजिस्ट्रीत बदलावा लागतो. करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेसच्या खाली तिच्या नावाची शाखा असते, तिथल्या ‘स्टार्ट’ची किंमत २ हवी. मालवेअर तिथे ४ घालून ठेवतो. हात लावण्याआधी त्या शाखेची प्रत एक्सपोर्ट करा. हे सांगावं लागू नये, पण सांगतो.

आता फाइलींची दुरुस्ती. इथे क्रम उलटा करणारे फार. ‘एसएफसी स्लॅश स्कॅननाऊ’ सगळ्यांना ठाऊक असतं आणि तेच आधी चालवलं जातं. पण एसएफसी बिघडलेल्या फाइलीच्या जागी चांगली फाइल आणतो ती मशीनमधल्याच एका कोठारातून. कोठारच नासलेलं असेल तर तो काय आणणार? म्हणून आधी कोठार दुरुस्त करायचं: ‘डिझम’, मग ‘स्लॅश ऑनलाइन’, ‘स्लॅश क्लीनअप-इमेज’, ‘स्लॅश रिस्टोअरहेल्थ’, प्रत्येकाच्या मध्ये स्पेस. हे काम विंडोज अपडेटकडून फाइली मागवून होतं, म्हणूनच रस्ता मोकळा करायचं प्रकरण मी आधी घेतलं. साठ-बासष्ट टक्क्यांवर ते अडकल्यासारखं दिसतं. दिसू द्या. मेलंय समजून खिडकी बंद करू नका, चहा घेऊन या. ते संपल्यावर एसएफसी. त्याने ‘काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत’ म्हटलं तर रीस्टार्ट करून दोन्ही पुन्हा एकदा.

बरीच मशीनं इथेच बरी होतात. नाही झाली तर टोकन्सची फाइल उरते. विंडोज ८.१ पासून पुढे ती सिस्टम३२, एसपीपी, स्टोअर, २.० या फोल्डरमध्ये ‘टोकन्स डॉट डॅट’ नावाने असते. ॲक्टिव्हेशनच्या बहुतेक नोंदी हिच्यात. ती खराब झाली तर विंडोजला स्वतःचाच परवाना वाचता येत नाही. ही फाइल थेट डिलीट करा असा सल्ला सर्रास मिळतो. डिलीट करू नका, नाव बदला. आधी ‘नेट स्टॉप एसपीपीएसव्हीसी’, मग फाइलीचं नाव ‘टोकन्स डॉट बार’, मग ‘नेट स्टार्ट एसपीपीएसव्हीसी’, आणि शेवटी ‘एसएलएमजीआर स्लॅश आरआयएलसी’, जी परवान्याच्या फाइली नव्याने बसवते (एसएलएमजीआर ही विंडोजची परवाना सांभाळणारी स्क्रिप्ट). ही शेवटची कमांड पाच-सात मिनिटं गप्प बसू शकते. रीस्टार्ट केल्यावर की पुन्हा घालावी लागते, ‘एसएलएमजीआर स्लॅश आयपीके’ आणि पुढे की. म्हणजे कीची गरज खरोखर इथे, इतकं सगळं झाल्यावर येते.

एसएलएमजीआर चालतच नसेल, स्क्रिप्ट होस्ट बंद असल्याचा निरोप येत असेल, तर परवान्याचा काही संबंध नाही. मालवेअरने, किंवा मालवेअरपासून जपणाऱ्या एखाद्या साधनाने, विंडोज स्क्रिप्ट होस्ट बंद केलाय. तो रजिस्ट्रीतून पुन्हा चालू करावा लागतो.

मूळ ॲक्टिव्हेशन खरं होतं का, हे न विचारणं

आता ते गुपित. ‘एसएलएमजीआर स्लॅश डीएलव्ही’ चालवा. एक लांबलचक खिडकी येते. तिच्यात ‘प्रॉडक्ट की चॅनल’ची ओळ शोधा. ‘रिटेल’ (सुटा विकत घेतलेला) किंवा ‘ओईएम डीएम’ (कारखान्यातून मशीनबरोबर आलेला) असेल तर तुमच्या परवान्याची जात घरगुती आहे. ‘व्हॉल्यूम जीव्हीएलके’ दिसलं आणि मशीन कुठल्या कंपनीचं किंवा संस्थेचं नसेल, तर विंडोज क्रॅकने ॲक्टिव्हेट केलेलं होतं, हे जवळजवळ नक्की.

जीव्हीएलके ही संस्थांसाठीची सर्वसाधारण की. तिथे संस्थेचा स्वतःचा केएमएस, म्हणजे आपल्या मशीनांना परवाना देणारा, सर्व्हर असतो आणि मशीनं त्याच्याकडून १८० दिवसांचा परवाना घेत राहतात. क्रॅक काय करतो? तुमच्याच मशीनमध्ये खोटा केएमएस सर्व्हर बसवतो. डिफेंडर त्याला ‘ऑटोकेएमएस’ नावाने ओळखतो आणि हॅकटूल म्हणून काढतो. खोटा सर्व्हर गेला की विंडोज त्याला हाका मारत राहतं आणि ‘सी००४एफ०७४’ देतं: केएमएसशी संपर्क होत नाही. म्हणजे व्हायरसने ॲक्टिव्हेशन घालवलं नाही. सफाईने नसलेलं ॲक्टिव्हेशन उघडं पाडलं.

हे ऐकवताना समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण पुष्कळांना खरंच माहीत नसतं. मशीन घेतलं तेव्हा कुणीतरी ‘घालून दिलं’ होतं. आणि पुढची चूक इथेच होते. अँटिव्हायरस बंद करून तोच क्रॅक पुन्हा उतरवायचा. पहिला व्हायरस आला कुठून, असा प्रश्न मी उलट विचारतो. २०२१ च्या अखेरीस अशाच एका प्रसिद्ध क्रॅकच्या बनावट इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट हा चोर पसरवला जात होता. ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट उचलणं हे त्याचं काम. जे साधन वापरायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, त्याच्याबरोबर काय येतंय ते कळणार तरी कसं?

गंमत म्हणजे अशा मशीनपैकी काहींच्या फर्मवेअरमध्ये अस्सल की झोपलेली असते. लॅपटॉप होम आवृत्तीसह आलेला, कुणीतरी त्यावर क्रॅक केलेलं प्रो टाकलेलं. अशांना काहीही विकत घ्यायचं नसतं, फक्त योग्य आवृत्ती पुन्हा टाकायची असते.

एक उलटा गैरसमजही आहे. डीएलव्हीच्या खिडकीत कीची शेवटची पाच अक्षरं दिसतात. डिजिटल लायसन्सवरच्या प्रोसाठी ती ‘३व्ही६६टी’ आणि होमसाठी ‘८एचव्हीएक्स७’ असतात, आणि असंख्य मशीनवर तीच असतात. शेजाऱ्याच्या मशीनवर तीच अक्षरं दिसली म्हणून आपली की चोरीला गेली असं नाही. ती नुसती जागा धरून ठेवणारी सर्वसाधारण की आहे, खरा परवाना सर्व्हरवर.

पुन्हा विंडोज टाकताना भलतीच आवृत्ती

कोरं टाकायची वेळ आलीच तर आधी आवृत्ती लिहून घ्या. होमचा परवाना प्रोला चालत नाही, आणि प्रोचा होमला नाही. व्हायरसनंतर ‘आता टाकतोच आहोत तर प्रो टाकू’ म्हणणाऱ्यांचं ॲक्टिव्हेशन तिथेच अडतं, आणि ते खापर व्हायरसवर फोडतात.

‘रीसेट धिस पीसी’मध्ये विंडोज १० च्या ‘२००४’ क्रमांकाच्या आवृत्तीपासून (हे साल नव्हे) ‘क्लाउड डाउनलोड’चा पर्याय आहे. संसर्गानंतर मी तोच निवडतो, कारण दुसरा पर्याय मशीनमधल्याच फाइलींतून विंडोज उभं करतो, आणि त्याच तर संशयित. सुमारे चार जीबी उतरतात. पेनड्राइव्हवरून टाकत असाल तर तो दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने बनवा. वाटेत सेटअप की मागतो, तिथे ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ निवडायचं. बेधडक. फर्मवेअरमधली की सेटअप स्वतः वाचतो, आणि डिजिटल लायसन्स इंटरनेट जोडल्यावर आपोआप जुळतं.

मदरबोर्डही बदलला असेल तर मायक्रोसॉफ्ट खातं आधीपासून परवान्याशी जोडलेलं असणं फार कामाला येतं. ही सोय विंडोज १० च्या ‘१६०७’ क्रमांकाच्या आवृत्तीपासून आहे. ट्रबलशूटरमध्ये ‘मी अलीकडे हार्डवेअर बदललं’ निवडलं की खात्यातलं जुनं मशीन दाखवतो. मात्र कारखान्यातून विंडोजसह आलेल्या मशीनचा परवाना सहसा त्या मशीनशीच बांधलेला असतो, नव्या बोर्डावर जात नाही. आणि विंडोज ७ च्या स्टिकरवरची की घालून विंडोज १० ॲक्टिव्हेट करायची जुनी वाट मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बंद केली. ज्यांनी त्याआधी ती वापरली त्यांचं डिजिटल लायसन्स चालूच आहे.

सिस्टम रिस्टोअरबद्दल, म्हणजे मशीन आधीच्या तारखेच्या स्थितीत नेण्याच्या सोयीबद्दल, थोडक्यात. संसर्गाच्या आधीचा पॉइंट असेल तर उत्तम, ‘सी००४ई००३’वर तो पुष्कळदा लागू पडतो. तारीख नक्की माहीत नसेल तर काढलेला पाहुणा त्याच वाटेने परत येतो.

‘एसएलएमजीआर स्लॅश रिआर्म’ हा उपाय म्हणून सांगणाऱ्यांपासून लांब राहा. तो मुदत मागे ढकलतो, परवाना देत नाही, आणि किती वेळा वापरता येईल यालाही मर्यादा आहे.

राहिली ऑफिसची मशीनं. तिथे जीव्हीएलके दिसणं रास्तच, त्यामुळे वरची क्रॅकची शंका लावू नका. संसर्ग झाला म्हणून मशीन ऑफिसच्या नेटवर्कवरून तोडून ठेवलं, सफाई लांबली, आणि मधल्या काळात १८० दिवस उलटून गेले असं होतं. की बदलू नका, घरच्या इंटरनेटवरून ट्रबलशूटर चालवू नका. आयटीवाल्यांनी मशीन स्वच्छ असल्याचं सांगितलं की ऑफिसच्या नेटवर्कला किंवा व्हीपीएनला जोडा आणि ‘एसएलएमजीआर स्लॅश एटीओ’ एकदा चालवा. तेव्हाही ‘सी००४एफ०७४’ आलाच तर १६८८ क्रमांकाचा पोर्ट फायरवॉलने अडवलाय का, ते त्यांनाच विचारा. संसर्गानंतर नियम कडक करताना तो हमखास बंद होतो.